चौदा छतं

ऑर्व्हा लॅम्ब्राइट भित्रा माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो. उगाच मागाहून कुणी म्हणायला नको. तसा अंगावर उधळून येणाऱ्या घोड्याचा लगाम धरायला तो कधी कचरला नाही, आणि दहा फूट उंचावरच्या फळीवर दोन्ही हात सोडून चालायचा. त्याला भीती वाटायची ती एका शेताची.

ते शेत होतं कारखान्याच्या मागे. पूर्वी तिथे सोयाबीन व्हायचं. आता कारखान्याने ते भाड्याने घेतलं होतं आणि बनून तयार झालेले, पण कुणीच न नेलेले ट्रेलर तिथे आणून उभे करत होते. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, चूल, संडास, सगळं. आमच्या एल्कहार्ट जिल्ह्यात दुसरं काही बनतच नाही म्हटलं तरी चालेल. ऑगस्टमध्ये त्या शेतात साठ ट्रेलर होते. सप्टेंबर संपता संपता दोनशे दहा झाले.

ऑर्व्हा बावन्न वर्षांचा. त्यातली सत्तावीस वर्षं त्याने ट्रेलरना छतं बसवली आणि स्वतः मात्र घोड्याच्या बग्गीतून फिरला. आम्ही आमिश, म्हणजे जुन्या साध्या रीतीने जगणारा ख्रिस्ती पंथ; आमिश माणूस मोटार ठेवत नाही, चालवत नाही. दुसऱ्याच्या मोटारीत बसायला मात्र त्याची ना नसते. म्हणून छताच्या टोळीतल्या सहा जणांना डॉटी रोज आपल्या व्हॅनमधून न्यायची-आणायची. डॉटी सत्तरीची विधवा, आमिश नव्हे, म्हणजे आमच्या बोलण्यात 'इंग्रज'. तिची जीभ व्हॅनपेक्षा जोरात चालायची.

"मोजलेस का रे आजचे?" दुपारी परतताना तिने विचारलं.

"दोनशे चौदा," ऑर्व्हा खिडकीतून नजर न काढता म्हणाला.

"मेल्या, प्रवचनात एवढं लक्ष दिलंस ना, तर स्वर्गात पहिल्या बाकावर बसशील!" मग तिने आवाज जरा खाली आणला. "माझा भाचा परवा ट्रेलर घेऊन कोलोरॅडोला गेला होता. तर डीलर फाटकच उघडेना. म्हणे, आधीचेच चाळीस पडलेत, परत घेऊन जा. हजार मैल ओढत नेला आणि हजार मैल ओढत आणला पोराने."

ऑर्व्हाने मागे वळून शेत पुन्हा एकदा बघितलं.

पेपरात तेव्हा मंदी येणार की नाही यावर वाद चालले होते. मोठमोठे विद्वान, हातात आकडे घेऊन! आमच्याकडे असला वाद कुणी घालत नाही. अहो, घर माणसाला लागतंच, मोटार लागते, पोटाला तर लागतंच लागतं. ट्रेलर कुणालाच लागत नाही. तो घेतो ज्याला उद्याची धास्ती नाही असा माणूस. लोकांच्या मनात जरा पाल चुकचुकली की ते दुधात कपात करत नाहीत, ट्रेलर पुढच्या वर्षावर ढकलतात. म्हणून देशाला जे सहा महिन्यांनी कळतं, ते आमच्याकडच्या छतवाल्याला आधी कळतं. साथीच्या दोन वर्षांत लोक घरात कोंडून वेडेपिसे झाले होते, तेव्हा जो तो ट्रेलर घ्यायला धावला. कारखाने शनिवारीही चालायचे. दोन हात आणि एक पाठ असली की नोकरी मिळायची. मग व्याज चढलं, पेट्रोल चढलं, आणि ज्यांना घ्यायचे होते त्यांचे घेऊनही झाले होते. आमच्या टोळीकडून दिवसाला बावीस छतं मागायचे, तिथे अठरा मागू लागले, मग चौदा.

ऑर्व्हाने हे एकदा भोगलं होतं. चौदा वर्षांपूर्वी असाच बाजार बसला आणि त्याला घरी पाठवलं. एक वर्ष दोन महिने तो सायकलवरून कारखान्यांची फाटकं हिंडत होता. एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर पिठाचं पोतं. कुणी ठेवलं ते कळू नये म्हणून अंधारात ठेवलेलं. त्याची बायको लुएटा म्हणाली, "अरे, आपणही ठेवलीत की लोकांच्या दारात."

"ठेवताना काही वाटत नाही," ऑर्व्हा म्हणाला, "उचलताना वाटतं."

त्या पोत्याकडे बघून आपल्याला कसं झालं, हे तो नंतर कुणाशी बोलला नाही. पण तेव्हापासून ही भीती त्याच्या मानेवर बसली ती बसलीच. तेजीत सगळे हसायचे तेव्हाही हा शेत मोजत असायचा.

आणि नेमकं याच ऑक्टोबरात त्याच्या रेजिनाचं लग्न निघालं. मुलगा लॅमर एश, तेवीस वर्षांचा, ऑर्व्हाच्याच टोळीतला. तेजीच्या भरात दीड वर्षापूर्वी लागलेला, म्हणजे टोळीत सगळ्यांत नवा. हाताचा चलाख, तोंडाचा गोड. ऑर्व्हाला तो मनापासून आवडायचा. पण आमच्याकडे लग्नं गुरुवारी होतात, चारशे पान असतं, आणि सगळं घरच्यांनीच करायचं असतं. बुधवारी तयारी, गुरुवारी लग्न, शुक्रवारी नवरा-नवरीने स्वतः भांडी घासायची. म्हणजे टोळीच्या सहातले दोघे तीन दिवस गायब!

ऑर्व्हा भीत भीत मॅनेजरकडे गेला. हा टेरी, तीस वर्षं याच धंद्यात मुरलेला.

"टेरी, पुढच्या आठवड्यात बुध-गुरु-शुक्र मी नाही. लॅमरही नाही. मुलीचं लग्न आहे."

"अरे वा! जा की, खुशाल जा," टेरी म्हणाला.

बस्स, एवढंच. दोन वर्षांपूर्वी याच टेरीने बायको बाळंत झालेल्या एका माणसाला एका दिवसाची सुटी देताना कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आता खुशाल जा? नसलं तरी चालतंय, असं तर नाही ना?

आता आमच्या कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. काम नगावर असतं. दिवसाची छतं पुरी झाली की टोळी मोकळी, मग घड्याळात एक वाजो की बारा. म्हणून सगळे धावतात. कारखान्यात कुणी चालताना दिसला तर समजावं, ऑफिसातला आहे. आणि कुणाचं लग्न, मयत, जळालेलं कोठार पुन्हा उभारायचं असलं तर बाकीचे त्याचं काम वाटून घेतात. दोनतीन नग कमी भरतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण आज तुझं तर उद्या माझं.

पण ऑर्व्हा टोळीचा मुकादम. त्याने मंगळवारी सगळ्यांना छताखाली गोळा केलं आणि म्हणाला, "ऐका. या तीन दिवसांत एकसुद्धा छत कमी पडता कामा नये."

फ्रीमन श्रॉक त्याचा जुना सोबती, टोळीतला थट्टेखोर. त्याने स्टेपलची बंदूक खाली ठेवली. "चार माणसांत चौदा? ऑर्व्हा, तू नवरीचा बाप आहेस की बायबलातला, गुलामांकडून विटांचा हिशेब मागणारा फारो राजा?"

"थट्टा नको, फ्रीमन. टेरी बहाणा शोधतोय. आकडा पडला की म्हणेल, या टोळीला कामाची पर्वा नाही, लग्नं लावत हिंडतात. आम्ही दोघं नसल्याचं त्यांना जाणवताच कामा नये. मी हात जोडतो."

आमिश माणूस माणसापुढे हात जोडत नाही. फ्रीमनचं हसू मावळलं. "बरं बाबा, तू निर्धास्त जा," तो म्हणाला. "चौदा म्हणजे चौदा."

लग्न घरामागच्या कोठारात होतं. सकाळी साडेआठला बाकं भरली, जर्मन भजनं सुरू झाली, एक एक भजन पाव पाव तास. रेजिना निळ्या पोशाखात खाली मान घालून बसली होती. लेक चालली, डोळ्यांत पाणी यावं, तर हा शहाणा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय! साडेनऊ. आता सातवं छत चढायला हवं. प्रवचनकार नोहाच्या सुनांचं सांगत होता, आणि ऑर्व्हाच्या मनात चौघेजण छतावर पसरायच्या रबराचं वेटोळं उलगडत होते, त्यातल्या एकाचा पाय घसरत होता, फ्रीमन शिव्या आवरत होता. दहा वाजून पाच. आठवं झालं का? लुएटाने पलीकडच्या बायकांच्या बाकांवरून त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. बाराला बिशपने दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. त्या घटकेला मात्र ऑर्व्हाने घड्याळाकडे बघितलं नाही.

जेवणाची पंगत बसली. कोंबडी, बटाट्याचा लगदा, रस्सा, खजुराची खीर. आणि एक वाजून दहा मिनिटांनी डॉटीची व्हॅन धूळ उडवत अंगणात शिरली.

ऑर्व्हाच्या हातातला चमचा खाली पडला. एवढ्या लवकर? सहा जण असले तरी एक वाजतो सुटायला. हाकललं यांना! तो पाहुण्यांना ओलांडत, जवळजवळ पळत बाहेर गेला.

"टेरीने... टेरीने घरी पाठवलं?"

फ्रीमन व्हॅनमधून उतरला. सदरा भिजून अंगाला चिकटलेला. "चौदा!" तो ओरडला. "काल चौदा, आज चौदा! साडेबाराला सुटलो. नऊची सुटी घेतली नाही, पाणीसुद्धा धावत प्यालो. आता जेवायला घाल, नाहीतर इथेच पडतो!"

ऑर्व्हाने त्याला मिठीच मारली. ज्याने लग्नात लेकीला जवळ घेतलं नव्हतं, त्याने घामाने निथळणाऱ्या फ्रीमनला जवळ घेतलं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागली. तो त्या चौघांच्या आणि डॉटीच्या शेजारी बसला आणि सफरचंदाच्या पेस्ट्रीचा मोठा तुकडा ताटात घेतला. लॅमरही तिथे आला, एकेकाचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमचे उपकार झाले."

डॉटी आपली पेस्ट्री चघळत होती. तिने चौघांकडे बोट फिरवलं. "म्हणजे चौघांनी केलं? आणि तेही अर्धा तास आधी?" ती खो खो हसली. "मग मी रोज सहा जण कशाला वाहून नेते रे? उगाच माझं पेट्रोल!"

सगळे हसले. ऑर्व्हाने घास तोंडात घातला होता. तो गिळवेना, बाहेरही काढवेना. शेजारी चारशे लोक जेवत होते, आणि आपण केवढी घोडचूक केली हे त्या कोठारात एकट्या त्यालाच कळलं होतं. शुक्रवारी तरी सावकाश करा, असं सांगायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण मंगळवारी हात जोडून चौदा मागितली आणि आज हळू करा असं म्हणायचं, ते कुठल्या तोंडाने? शुक्रवारीही चौदा झाली.

सोमवारी सकाळी टेरीने बोलावलं. "बस, ऑर्व्हा."

ऑर्व्हा बसला.

"तू त्या पोरांना खायला काय घालतोस? तीन दिवस, चार माणसं, रोज चौदा!" टेरी हसत होता, पण डोळे हसत नव्हते. त्याने चष्मा काढला. "खरं सांगू? आकडा पडेल असं मी धरून चाललो होतो. पडला असता तर वर सांगता आलं असतं की बघा, सहा लागतातच. आता मी काय सांगू? तूच सांग."

टेरीने चष्मा पुन्हा चढवला आणि समोरचा कागद ओढला.

"उद्यापासून दिवसाला बारा. टोळी पाचची. एक कमी होतोय. तू मुकादम आहेस, नाव तू दे. मी दिलं तर म्हणशील, इंग्रजाने वाटेल तसं केलं."

ही घटका येणार हे ऑर्व्हाला गुरुवारपासून माहीत होतं. चार रात्री त्याने उत्तर घोटलं होतं. मी जातो, असं म्हणायचं. लॅमर नवा संसार मांडतोय, आपल्या घराचं कर्ज फिटलेलं आहे, थोड्याफार गाई आहेत, मेव्हण्याच्या सुतारकामाच्या शेडमध्ये काम करता येईल. आणि मुख्य म्हणजे हे आपण ओढवून घेतलंय, आपल्या घाबरटपणाने. मी जातो. दोन शब्द. पहाटे व्हॅनमध्ये बसतानाही ते त्याने ओठांत म्हणून बघितले होते.

टेरी वाट बघत होता. खिडकीतून मागचं शेत दिसत होतं. ट्रेलर आता कुंपणापर्यंत आले होते. ऑर्व्हाला ते एक वर्ष दोन महिने आठवले, सायकलवर गोठलेली बोटं आठवली.

"लॅमर," तो म्हणाला. "शेवटी आलेला आहे."

"तुझा जावई ना तो?" टेरीने भुवया वर केल्या.

"हो."

"न्यायाने वागलास," टेरी म्हणाला आणि कागदावर लिहिलं. "दुसऱ्या कुणी आपल्या माणसाला सांभाळून घेतलं असतं."

दुपारी सुटताना टेरीने लॅमरला बाजूला घेतलं. व्हॅनमध्ये लॅमर आपली हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसला. डॉटीसुद्धा पाच मैल गप्प राहिली, यावरून काय ते समजा.

शेवटी लॅमरच म्हणाला, "अरे, तोंडं पाडून काय बसलात? शेवटी आला तो पहिला जाणार. टेरीने रीतीनेच केलं."

"ऑर्व्हा तुझ्यासाठी भांडला असेल रे," फ्रीमन म्हणाला. "माझ्यासाठी भांडला होता मागे."

"ते काय सांगायला हवं?" लॅमर म्हणाला, आणि सासऱ्याकडे बघून हसला.

ऑर्व्हा खिडकीबाहेर बघत राहिला. आज त्याने ट्रेलर मोजले नाहीत.

आमच्याकडे नवी जोडी पहिला हिवाळा मुलीच्या माहेरीच काढते. त्यामुळे संध्याकाळी चौघे एकाच टेबलाशी बसले. लुएटाने नूडल्सचं भांडं मांडलं. रेजिनाचे डोळे लाल होते. बसता बसता तिने बापाला विचारलं, "डॅट, तुम्ही टेरीशी बोललात ना? काय म्हणाला तो?"

"आधी प्रार्थना," ऑर्व्हा म्हणाला आणि मान खाली घातली.

जेवणाआधीची प्रार्थना आमच्यात मुक्यानेच होते. सगळ्यांनी मान लववायची आणि घरचा मालक मान वर करील तेव्हा संपली. तो वर बघेपर्यंत कुणी वर बघायचं नाही. एरवी ती वीसपंचवीस आकडे मोजून होईपर्यंत संपते. त्या दिवशी ऑर्व्हाला मान वर करवेना. जोवर मान खाली आहे तोवर उत्तर द्यायचं नव्हतं, तोवर रेजिनाच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं. चुलीवर किटली वाजू लागली, वाजत राहिली. लुएटाचा पाय खुर्चीशी हलला. देवाशी तो एक शब्द बोलला नाही. मोठा झालेला, बावन्न वर्षांचा बाप्या, टेबलाच्या लाकडात तोंड लपवून बसला होता, आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती, इतकी की त्या लाजेने भीतीला क्षणभर मागे सारलं.

त्याने मान वर केली.

"नाव मी दिलं," तो म्हणाला. "टेरीने विचारलं, कोण जाणार. माझं नाव देणार होतो, आणि तुझं दिलं, लॅमर. घाबरलो. आणि ती चौदा छतं करायला लावली तीही मीच. आकडा पडला असता तर सगळे राहिले असते."

किटली उतरवायला कुणी उठलं नाही. रेजिनाने नूडल्सचं भांडं उचललं. त्या घरात पहिलं वाढप नेहमी बापाचं. तिने ते ऑर्व्हाच्या पुढून नेलं आणि लॅमरसमोर ठेवलं. बापाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

लॅमरने भांड्याला हात लावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी हळू, कामाचं बोलावं तसं बोलला.

"उद्या पाच जण आहात. बारा छतं. ऑर्व्हा, ऐका माझं, सावकाश करा. नऊची सुटी घ्या. पाणी बसून प्या. दोन वाजू देत सुटायला, अडीच वाजू देत. साडेबाराला सुटलात, तर तो परत नाव मागेल."

"हो," ऑर्व्हा म्हणाला. "सावकाश करू."

हो म्हणतानाच त्याने डोळ्यांपुढे उद्याची पहाट आणली. पाच माणसं, हातात स्टेपलच्या बंदुका, आणि काचेमागे टेरी. त्या पाचांत सगळ्यांत जोरात आपणच धावणार, हे त्याला तेव्हाच कळून चुकलं.